जंगल खाणारी शेळी

ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या उघड्याबोडक्या डोंगरावर सिफिसकाकांची शेळी काटेरी ओकच्या झुडपावर चढून निवांत शेंडा खात होती.

"काका, माणसाहून उंच ते झाड, आणि झाड म्हणजे जंगल! जंगलात शेळी चालत नाही," नवा वनरक्षक मोजायची टेप नाचवत ओरडला.

"साहेब, ती चढली तेव्हा झुडूपच होतं. खालून ते वाढलं, त्यात तिचा काय दोष? लिहा काय लिहायचं ते, पण आधी ही घरी गाळलेली राकी घ्या. पाहुण्याला कोरडं पाठवलं तर गाव माझ्या तोंडात शेण घालील."

नाही म्हणायची सोयच नव्हती. तीन पेले रिचवून वनरक्षकाने पुन्हा मोजलं, तर उंची माणसापेक्षा चार बोटं कमी भरली.

"झुडूप!" त्याने कपाळावर हात मारला. "काका, तुमच्या शेळीने सरकारी जंगल खाल्लं!"

काकांनी डोंगरभर नजर फिरवली. "कुठलं जंगल, साहेब?"