फटका देणारा कलश

देवळासमोर अख्खं गाव. शिमगा, म्हणजे देवीची पालखी घरोघरी जायचा सण, चार दिवसांवर, आणि देवीची चांदीची नथ गायब. चोर शोधायला कुठूनसा एक महाराज आणलेला.

"हा कलश बोलत नाय, चावतो!" महाराज गरजले. "डाव्या हातात कलश, उजवं बोट वरच्या खिळ्याला. चोराला देवीचा फटका!"

भागोजी मानकरी गेला. काही नाही. आणखी पाच जण. काही नाही. मग देऊळ झाडणारी माझी चंद्राकाकी. चट्! काकी किंचाळून मागं पडली.

"घावली!" भागोजी म्हणाला. "यंदा पालखी हिच्या घरी नाय जायची."

काकी रडायलाच लागली. पालखीसाठी कालच अंगण सारवलं होतं तिनं.

मी दीपेश. एमआयडीसीत शिफ्ट करतो. विजेचं जे येतं ते मोबाईलवर बघून, चटके खाऊन शिकलो. तो 'चट्' माझ्या ओळखीचा. मी घरी कपॅसिटर बनवलाय: प्लास्टिकची बरणी, आतबाहेर फॉईल, झाकणातून खिळा. वीज साठते. बाहेरचा फॉईल आणि खिळा, दोन्हीला हात लागला की सगळी एकदम अंगातून जाते. पहिल्यांदा चाललाच नाही. फॉईल काठापर्यंत लावलेला, ठिणगी बाहेरूनच पळायची. काठापासून तीन बोटं खालपर्यंत फॉईल कापून काढला. तरी ठप्प. काठ दमट होता. कोरडा पुसला, हात लावला, आणि भिंतीवर आपटलो. (बनवू नका.)

महाराजांनी कलशाचा काठ एकदाच पुसला होता. काकी पुढं आली तेव्हा. खिळ्याला लाल नाडाही तेव्हाच लावला, हात आसनाखाली घातला, मग नाडा सोडला.

"महाराज, साथीदार पण शोधू. सगळे एकमेकांचे हात धरा."

"बराबर!" भागोजी खूश.

त्यानं कलश धरला, पुढं पाच जण. शेवटी लोकांनी महाराजांनाच उभं केलं. मी त्यांच्या आसनावर बसलो.

"उठ! जळशील!"

"चालेल." काठ पुसला, नाडा लावला, आसनाखालचं बटण दाबलं, नाडा काढला. "लावा बोट."

महाराज नको नको म्हणेपर्यंत कुणीतरी त्यांचं बोट टेकवलं. चट्! सातही जण एकदम उडाले.

काकीनं डोळे पुसून भागोजीकडे बघितलं. "काय भावोजी, तुमच्या सहा घरांची पालखी बंद का आता?"

लोक खो खो हसले. मी आसन उचललं. बॅटरी, तिची वीज हजारो व्होल्टवर नेणारं जुन्या डबा टीव्हीचं सर्किट, नाड्यात लपवलेली वायर. कलशात बरणी.

"काकीवर संशय हाय, हे ह्याला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"मीच," भागोजी पुटपुटला. "सकाळी त्यांनी इचारलं म्हणून."

शिमग्याला पालखी काकीकडे गेली. नथ अजून सापडली नाही, पोलिसांत तक्रार दिलीय. वेळ लागेल, लागू दे. कुणाला चोर म्हणायचं तर पुरावा आणा. आणि कोणी चमत्कार दाखवला तर पाया पडायच्या आधी आसनाखाली बघा.