बोअरमधली रेणुका

ज्या जुन्या गावात तीस वर्षं शेळ्यांशिवाय कुणी फिरकलं नव्हतं, तिथं आता टमटम लावायला जागा मिळत नव्हती. निलंग्याहून, उदगीरहून, थेट नांदेडहून माणसं येत होती. पडक्या वेशीशी चपलांचा ढीग, त्याला लागून भज्यांचा गाडा, आणि गर्दीच्या मधोमध एका कोरड्या बोअरच्या तोंडावर पितळेचा कर्णा बसवून भूनाद महाराज डोळे मिटून बसलेले.

"आता कुणी खोकायचं बी न्हाई," महाराज म्हणाले. "खालची माणसं बुजतात."

गर्दी गप्प झाली. कर्ण्यातून आधी खरखर आली. मग खूप खोलातून एक बारीक आवाज आला, "आप्पा... लई अंधार हाय हितं."

सत्तरी ओलांडलेल्या महादेवप्पांनी उपरण्यात तोंड खुपसलं आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. त्यांचा मुलगा त्र्याण्णवच्या भूकंपात गेला होता. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी टोप्या काढल्या आणि तरण्या पोरांनी मोबाइल वर धरले.

गर्दीच्या मागे मंजुश्री उभी होती. ती नांदेडच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. शेजारच्या साखराबाईंचा फोन आला म्हणून रजा टाकून गावी आली होती. "तुजी माय घर सोडून जुन्या गावात निजायली," साखराबाई म्हणाल्या होत्या. "त्या भिंतीखाली. आमचं ऐकंना. तूच ये."

ती भिंत आणि ते बोअर, दोन्ही तिच्या आईच्या, कमलम्माच्या जागेत होतं. भूकंपात घर बसलं, तेव्हा मागची एक भिंत तेवढी उभी राहिली. मातीत रचलेले काळे दगड, दीड पुरुष उंची, मधे एक कोनाडा. त्या रात्री कमलम्मा नवऱ्यासोबत अंगणात निजली होती आणि पाच वर्षांची रेणुका आत आजीच्या कुशीत. पहाटे अंगणातले वाचले. वर पाऊस लागून राहिलेला, प्रेतं शेकड्यांनी, म्हणून कुणाची जात-रीत न बघता सगळ्यांना एका सरणावर रॉकेल ओतून जाळलं. लिंगायतांत मेलेल्या माणसाला माती देतात, समाधी बांधतात. रेणुकाच्या वाट्याला ना माती आली ना समाधी.

मंजुश्री या सगळ्यानंतरची. मूल न होण्याचं ऑपरेशन झालेल्या बायकांना त्या वेळी उलटं ऑपरेशन करून पुन्हा मुलं झाली, त्यातली ती एक. मोठ्या बहिणीबद्दल तिला एवढंच माहीत होतं की ती होती. घरात तिचा फोटो नव्हता आणि तिचं नाव कुणी काढत नसे. आई कधी कधी आपल्याकडे बघताना दुसऱ्याच कुणाला तरी शोधते, हे मंजुश्रीला लहानपणापासून कळत होतं, आणि ते तिला आजही सलत होतं.

यंदा पाऊस फार झाला. पोळा उलटला तशी जमीन गुडगुडायला लागली. मांडणीवरची भांडी वाजायची, कुत्री भुंकायची, नव्या गावातली माणसं पोराबाळांना घेऊन रस्त्यावर येऊन बसायची. ज्यांनी त्र्याण्णव पाहिलं होतं, ते परत घरात निजायला तयार नव्हते. आणि अशा वेळी हटकून कुणीतरी उगवतंच, तसे भूनाद महाराज उगवले. आधी ते पाणाडे होते, तळहातावर नारळ ठेवून रानोमाळ फिरायचे आणि नारळ उभा राहिला की तिथं बोअर मारायला सांगायचे. तालुक्यातली निम्मी कोरडी बोअरं त्यांच्याच नावावर जमा आहेत. ज्यांना जमिनीतलं पाणी सापडलं नाही, त्यांना जमिनीतली माणसं मात्र पहिल्याच फेरीत सापडली.

महाराज अंगारा-भस्माचे नव्हते, हेच तर त्यांचं भांडवल. त्यांच्या गळ्यात रुद्राक्ष होता आणि हातात प्लास्टिकच्या कव्हरात घातलेली वर्तमानपत्रांची कात्रणं.

"मी सांगत न्हाई, सायन्स सांगून राहिलं," त्यांनी पहिलं कात्रण वर धरलं. "झाडाला तहान लागली की झाड आवाज करतं. इस्रायलमधी मशिनीनं ऐकलं. हाव का न्हाई?"

"हाव," गर्दी म्हणाली.

"पृथ्वीच्या पोटात, शेकडो किलोमीटर खाली, खडकात पाणी मुरलेलं हाय. सायन्सनं शोधलं. अख्ख्या विश्वात एक गुणगुण चालू हाय, ती बी आता मोजली. आपल्या पुण्याकडची दुर्बीण व्हती त्यात. मग मला सांगा, झाड बोलतं, आकाश बोलतं, मग तुमची पोटची माणसं बोलणार न्हाईत?"

मंजुश्रीला राग आला तो याचाच. झाडांचं खरं होतं. खडकातल्या पाण्याचं खरं होतं. विश्वातल्या गुणगुणीवर तर तिनं वर्गात अर्धा तास सांगितलं होतं. महाराजांचं प्रत्येक वाक्य शेवटच्या 'मग'पर्यंत बरोबर चालायचं आणि त्या 'मग'शी आलं की खुशाल खड्ड्यात उडी मारायचं. आपण वर्गात जे जीव तोडून सांगतो, ते या माणसानं मळ्यातल्या चोरासारखं उपटून नेलं होतं.

इतक्यात महाराजांनी हाक दिली, "कमलम्मा, या."

कमलम्मा पुढं आली. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग. ती कर्ण्याशी वाकली. साठीच्या बाईचा चेहरा एकदम कोवळा झाला. आपल्याकडे बघताना हा चेहरा आपण कधी पाहिला नाही, हे मंजुश्रीच्या मनात आलं.

"अव्वा," बोअर बोललं. "मी रेणुका. मला माती न्हाई मिळाली, अव्वा. तू जाऊ नको. माज्यापाशीच निज."

"निजते गं माय," कमलम्मा म्हणाली. "कुटं जाऊ?"

लोक ढसाढसा रडले. मेलेल्या लेकीसाठी भिंतीखाली निजणारी आई बघायला तर गर्दी दुप्पट झाली होती. महाराज हे ओळखून होते.

लोक पांगल्यावर मंजुश्री आईपाशी गेली. "अव्वा, घरी चल. ही भिंत मातीतली हाय. खालून जमीन हलून राहिली. कवा पडंल सांगता येत न्हाई."

"पडू दे."

"असं काय बोलतीस? तुला कळतंय का, तो माणूस खोटा हाय."

"तुला तिचं काय?" कमलम्मा शांतपणे म्हणाली. "तू तिला बगितली बी न्हाईस."

मंजुश्रीनं त्या रात्री तिथंच अंगणात अंथरूण टाकलं. ती रात्रभर आईला भिंतीपासून ओढत राहिली असती, पण ओढून नेलेली आई दुसऱ्या दिवशी परत आली असती. भिंतीजवळून आईला हलवायचं तर त्या बोअरमधली रेणुका काढावी लागणार होती, आणि ती काढणं म्हणजे आईच्या हातून लेक दुसऱ्यांदा हिसकावणं. हे काम पोटच्या पोरीनं करायचं होतं.

सकाळी कमलम्मा घरी जाऊन धार काढायची म्हणून उठली आणि जमीन गुरगुरली. जेमतेम दोन श्वासांचा हादरा. भिंतीच्या माथ्यावरचे तीन दगड सुटले आणि मघापर्यंत जिथं कमलम्माचं डोकं होतं त्या उशीवर पडले. कमलम्मानं उशीकडे पाहिलं, दगड बाजूला सारले, उशी झटकली आणि परत तिथंच ठेवली.

 मंजुश्री बोअरशेजारी येऊन बसली. समोर कर्णा होता, कर्ण्याच्या खालून एक काळी वायर बोअरमध्ये उतरलेली होती. मराठवाड्यात बोअर म्हटलं की वायर आलीच, मोटारीची. त्या वायरीकडे शेकडो माणसांनी पाहिलं होतं आणि कुणीच पाहिलं नव्हतं. मंजुश्रीही काल पाहून विसरली होती. पण हे बोअर भूकंपाच्या आधीच दोन-चार वर्षं पाणी देऊन आटलं होतं, आणि वीरभद्रप्पांनी, तिच्या वारलेल्या आप्पांनी, तेव्हाच मोटार वर काढून विकून टाकली होती, वायरीसकट.

संध्याकाळी कालच्याहून मोठी गर्दी होती. महाराजांनी कात्रणं काढली तशी मंजुश्री पुढं झाली.

"महाराज, ही वायर कशाची?"

"मोटारीची," महाराज हसले. "प्राध्यापक बाईंना बोअर ठाऊक न्हाई वाटतं."

लोक हसले. महादेवप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी वायरीकडे पाहिलं, मग महाराजांकडे.

"मोटार तर काढली व्हती की," ते हळू म्हणाले. "वीरभद्रप्पा असताना. दोर ओढायला मीच व्हतो."

"दुसरी टाकली असंल."

"कोरड्या बोअरात?"

महाराजांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात महादेवप्पांनी कर्णा उचलून बाजूला ठेवला होता आणि वायर हातात घेतली होती.  कुणी त्यांना अडवलं नाही. तेच सगळ्यात आधी रडलेले, सगळ्यात मोठे भक्त. वायर वर येत गेली आणि शेवटी युरियाच्या पिशवीत गुंडाळलेला, भाकरीएवढा एक स्पीकर त्यांच्या मांडीवर आला.

वायरीचं दुसरं टोक सोयाबीनच्या गुळीखालून, भुसकटाच्या ढिगाखालून, महाराजांच्या तंबूत गेलं होतं. तंबूत माईक घेऊन बसलेल्या त्यांच्या शिष्येला, माताजींना, बाहेरचं काही दिसत नव्हतं. वेळ झाली म्हणून तिनं नेहमीसारखी सुरुवात केली. महादेवप्पांच्या मांडीवरचा स्पीकर भर उजेडात बोलला, "आप्पा... लई अंधार हाय हितं."

महादेवप्पांनी तो खाली ठेवला नाही. कितीतरी वेळ तसाच धरून बसले.

पुढचं रीतीप्रमाणे झालं. तंबूत माईक सापडला, माताजी सापडली, प्रत्येक घरातल्या मेलेल्या माणसाची माहिती ती आधी गोड बोलून काढून घ्यायची हेही कळलं. महाराज म्हणाले की स्पीकर हे तर केवळ माध्यम आहे. मग साखराबाईंनी चप्पल काढली आणि ते पळाले, पण वेशीशी टमटमवाल्यांनी त्यांना धरून ठेवलं. जादूटोणाविरोधी कायदा झाल्याला बरीच वर्षं झाली. तो त्या दिवशी पहिल्यांदा गावात आला, निलंग्याहून पोलिसांच्या गाडीतून.

"पर मंजू," महादेवप्पांनी विचारलं, "म्हाराज यायच्या आदी बी जमीन बोलली. आमी ऐकलंय. ते बी खोटं का?"

"ते खरं हाय, काका," मंजुश्री म्हणाली. तिला सगळ्यांकडे बघून बोलायचं होतं, पण डोळे भिंतीशी पाठ करून बसलेल्या आईकडे जात होते. "यंदा पाऊस लई झाला. पाणी खालच्या खडकाच्या फटीत उतरतं. फटीत आदीच ताण असतो, पाण्यानं तिथला दगड जरासा सरकतो आणि गुडगुडतं. अशा ठिकाणी मशिनी बसवून शास्त्रज्ञांनी मोजलंय. मोठा भूकंप कवा हुईल ते मला सांगता येत न्हाई. जगात कुणालाच येत न्हाई. आणि जो येतं म्हनतो त्याला आदी विचारा, तुला कसं कळलं, दाखव. विचारल्यानं खऱ्याचं काही जात न्हाई. पर मातीच्या भिंतीखाली निजू नका. इतकं तर आपल्याला त्र्याण्णवनं शिकवलंय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं आपापल्या मेलेल्यांना पुन्हा एकदा तिथंच ठेवून नव्या गावाकडे चालू लागली.

कमलम्मा हलली नाही. मंजुश्री तिच्याजवळ जाऊन बसली. पकडलेल्या लबाडीचा आनंद होईल असं तिला वाटलं होतं, पण तिला फक्त रडू येत होतं. बुवानं आईला लुबाडलं होतं, तरी एक गोष्ट त्यानं केली होती जी तीस वर्षांत घरात कुणी केली नव्हती. त्याच्या माताजींनी रेणुकाबद्दल विचारलं होतं.

"अव्वा," ती म्हणाली, "रेणुका कशी व्हती?"

कमलम्मानं कोनाड्याकडे पाहिलं.

"काळी व्हती. तुज्यावानी न्हाई. सारखी बोलायची." मग म्हणाली, "तिला र म्हनता येत नव्हता. नाव इचारलं की लेणुका म्हनायची. तुजा आप्पा मुद्दाम फिरून फिरून इचारायचा."

मंजुश्री चमकली. "पर अव्वा, बोअरातली तर रेणुका म्हनत व्हती. चांगलं स्पष्ट."

"हाव."

"मग तुला तवाच कळलं न्हाई?"

"कळलं की. पहिल्याच दिशी ध्यानात आलं." कमलम्मानं पदरानं डोळे पुसले. "म्हनलं, इतक्या वर्सांत शिकली असंल."

मंजुश्रीनं आईचा हात धरला. अंधार पडायच्या आत दोघी उठल्या आणि नव्या गावातल्या घरी आल्या. दोन दिवसांनी कमलम्मानं स्वतःच माणसं लावून भिंत उतरवली, कोनाड्याचा दगड तेवढा घरी आणला आणि दाराशी माती उकरून त्यात बसवला. मंजुश्रीनं ही अंधश्रद्धा आहे का, हे विचारलं नाही. रडायला दगड लागला तर लागू दे, बुवा लागत नाही.

जमीन अजून मधूनमधून गुडगुडते. तुमच्याकडे गुडगुडली, तर बाहेर मोकळ्यावर या, जुन्या भिंतीपासून लांब राहा, आणि कुणी तिचा अर्थ सांगायला आला तर त्याची वायर कुठं जाते ते बघा. आणि घरात कुणी असं असेल, ज्याचं माणूस गेलंय आणि जो त्याचं नाव काढत नाही, त्याला आजच विचारा की ते माणूस कसं होतं. आपण विचारलं नाही, तर विचारायला दुसरं कुणी येतं.