गोरमॉथ विरुद्ध स्लजर, पान बावीस

विश्वाच्या उत्पत्तीपासून असं युद्ध झालं नव्हतं आणि विश्वाच्या अंतापर्यंत होणार नव्हतं. तूर्त ते न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका तळघरात, वकिलांचं पत्र यायचं म्हणून तीन दिवस थांबलं होतं.

पत्र आलं. दोन हाडवैरी कंपन्या मिळून एक कॉमिक काढत होत्या आणि आपापला राक्षस हरता कामा नये, हे दोघींनी आधीच लिहून घेतलं होतं. आता ठोसेही समसमान हवे होते. म्हाताऱ्या चित्रकार गस कुबियाकने आपण काढलेल्या एकवीस पानांतले ठोसे मोजले. पाषाणदेही गोरमॉथचे एकतीस, डांबरातून जन्मलेल्या स्लजरचे तीस. त्याने स्लजरला एक किरकोळ ठोसा मारायला लावला आणि अंगठ्याला बँडेज गुंडाळलं.

चाळीस वर्षं हेच चाललं होतं. डोंगराएवढ्या देहांकडून शहर पाडून घ्यायचं आणि पुढच्या महिन्यात तेच शहर खिडक्यांसकट पुन्हा काढायचं. अंगठा खिडक्यांनीच खाल्ला होता. शेवटचं, बाविसावं पान मंजूर झालं की गस या धंद्यातून सुटणार होता. पण खरी धाकधूक वेगळीच होती. त्या पानावर दोन्ही राक्षस विटांच्या ढिगाऱ्यावर पाठीला पाठ टेकून नुसते बसले होते. इतक्या वर्षांत गसने मनापासून काढलेलं ते पहिलंच पान. ते त्याला तसंच छापून यायला हवं होतं.

दुपारी दोन्ही संपादक आले. गोरमॉथवाली डोलोरेस फिंच गसला तीस वर्षं ओळखत होती. स्लजरवाला नील पेट्राकिस नवा होता. त्याने आल्या आल्या फूटपट्टी काढली.

"उंची सारखी आहे," तो जरा हिरमुसून म्हणाला.

डोलोरेस बराच वेळ पानाकडे बघत राहिली. "गस, अरे, फार सुंदर झालंय रे हे."

"दमलेत बिचारे," गस म्हणाला.

"माझे वडील कामावरून आले की असेच बसायचे, मिस्टर कुबियाक," नील हळूच म्हणाला.

गसला वाटलं, जमलं.

"फक्त," नील म्हणाला, "आधी कोण बसलं?"

"म्हणजे?"

"जो आधी बसला तो हरला ना?"

"मग तुझाच हरला," डोलोरेस म्हणाली. "बघ की, कसा पसरलाय!"

"निवांत आहे तो! तुमचा कोसळलाय."

"बाळा, माझ्या गोरमॉथनं चंद्र उचलला तेव्हा तू बाटलीनं दूध पीत होतास."

"उचलला, पण परत ठेवताना वाकडा ठेवला!"

"अरे, दोघं एकदमच बसले," गस कळवळून म्हणाला.

"पानावर कुठे दिसतंय तसं?" दोघं एका सुरात म्हणाले. अख्ख्या कॉमिकमध्ये त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

वकिलांना फोन लागला. अर्धा तास डोलोरेस नुसतं "हो, हो" म्हणत होती. शेवटी तिने रिसीव्हर ठेवला.

"मंजूर! पानाला हात लावायचा नाही."

गस मटकन स्टुलावर बसला.

"फक्त आधीच्या पानावर कोपऱ्यात एवढीशी चौकट टाक, दोघं एकदम बसतानाची," ती लाडीगोडीने म्हणाली. "आणि मागे एक घड्याळ दाखवशील?"