ज्याच्या त्याच्या डोक्याभोवती

द्रौपदामावशीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया रांगेनं येत, खाटेवर टेकून बसलेल्या मावशीच्या पाया पडत आणि डोळे पुसत बाजूला होत. कुणी हार आणले होते. उशाशी पांढरं कोरं लुगडं घडी करून ठेवलेलं. अहो, मावशी जिवंत होती! ओठ सुकलेले, श्वास जोरात चाललेला, पण जिवंत.

मावशीनं परवापासून इन्सुलिन आणि अन्न दोन्ही सोडलंय, असा फोन आल्यावर मी शिंदखेड्याहून तडक निघाले होते. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझ्या तोंडाला लगाम नाही, हे या गावाला चांगलं माहीत आहे.

"काय चाललंय हे?" मी ओरडले.

"हळू बोल, बेटा," देवचंद आबा म्हणाले. सप्तरंग महाराजांचे हे गावातले पहिले भक्त. "तुनी मावशीले पुरा गोल दखायना. तिनं काम सरनं. आते महाराज गाडी लई येतीन, समाधीनी जागावर लई जातीन." म्हणजे मावशीला पुरा गोल दिसला, तिचं काम संपलं, आता समाधी!

महाराजांच्या मठात एक उंच मचाण आहे आणि समोर पाण्याचे बारीक तुषार उडवणारी नळी. खालच्या भक्तांना अर्धं इंद्रधनुष्य दिसे. महाराज म्हणत, "अर्धं दिसलं? मग अजून भोग बाकी, बच्चा!" मचाणावर मात्र महाराज निवडतील तोच चढे, एकटाच. त्याला पुरा गोल दिसे, तोही स्वतःच्या सावलीच्या डोक्याभोवती. "जीवनाचा अर्थ सापडला, माय! ब्रह्मांडानं पोचपावती दिली! आता उरायचं कशाला?" पोचपावती म्हणे! मेला कुरिअरवाला! पोळ्याच्या सुमारास गावातल्या दुसऱ्या एक बाई, धुरपदाबाई, त्या मचाणावर चढल्या होत्या. त्यांनीही अन्न सोडलं आणि आठवडाभरात त्यांना मठामागे पुरलं. त्यांच्या मागे कुणी नव्हतं. त्यांचं शेत आता मठ कसतो. आणि आता मावशी चढून आली होती.

मावशी मला इन्सुलिनची सुई टोचू देईना. "मी मना डोयानी दखं," ती पुटपुटली. "डोया खोटा शे का?"

"डोळा खरा आहे गं. म्हणूनच तर फसलीस."

शेजारच्या नवलभाऊंचा फवारणीचा पंप नवाकोरा होता, औषध न लागलेला. त्यात साधं पाणी भरायला लावलं. मावशीचं घर धाब्याचं, म्हणजे वर सपाट मातीचं छत. "आबा, आधी तुम्ही चढा. ऊन पाठीवर घ्या."

आबा हसत चढले. नवलभाऊंनी छताच्या कडेवरून तुषार सोडले आणि आबांचं हसू मावळलं.

"पुरा गोल शे," ते म्हणाले. "मनाच डोकाभोवते."

"मग हार घालू का, आबा?"

चौघींनी मावशीला खुर्चीत बसवून जिन्यानं वर आणलं आणि आबांशेजारी ठेवलं.

"कुणाच्या डोक्याभोवती आहे, मावशी?"

"मना."

"नही वो अक्का, मना!" आबा म्हणाले, आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"गोल कुठेच टांगलेला नसतो," मी सांगितलं. "पाठीमागचं ऊन थेंबात शिरतं आणि उलटं फिरून आपल्या डोळ्यात येतं. म्हणून ज्याला त्याला आपल्याच डोक्याभोवती दिसतं. खाली उभं राहिलं की जमीन अर्धा गोल कापते, उंचावर कापत नाही. मचाणाची करामत एवढीच! तुम्ही केळीवर रोज फवारता, पण औषधाच्या वासानं तोंड फिरवता. मग दिसणार कसं?"

"मंग ते खरं शे का खोटं?" मावशीनं विचारलं.

"ऊन खरं, पाणी खरं, बघणारी तू खरी. तू गेलीस की तुझं इंद्रधनुष्यही गेलं. आता सांग, तुझ्या जगण्याचा अर्थ त्या मेल्याच्या नळीत आहे, की तुझ्यात?"

मावशीनं दंड पुढे केला. मी सुई टोचली आणि पाचोऱ्याच्या दवाखान्यात न्यायला नवलभाऊंना गाडी काढायला पिटाळलं.

आबा छतावरच बसले. "धुरपदाबाईले मीच हात धरी चढाडं व्हतं," ते म्हणाले.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. "कुठे आहे आमची भाग्यवान माय?" महाराजांचा आवाज आला.

आबा उठून कडेला गेले. "या महाराज! पहिले वर चढा. तुमना डोकाभोवतेबी पुरा गोल दखाडतस. मंग दखू, तुम्ही जेवण कधी सोडतस ते."

महाराज गाडीतून उतरलेच नाहीत.

तुमचं काम संपलं असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर एकटे चढू नका. शेजारच्याला सोबत न्या आणि त्याला काय दिसतं ते विचारा. मचाणावर धुरपदाबाईंच्या शेजारी कुणीच उभं नव्हतं.