मैनेनं फाडलेला खिसा

मित्रांनो, मी लष्करातला एक जुना गरम कोट आहे. बीबी या गावात रस्त्यालगत पंप आणि पाइपचं एक दुकान आहे. त्या दुकानामागच्या लांब खोलीत, काचेच्या कपाटात मला टांगून ठेवलं आहे. एके काळी माझा रंग गर्द हिरवा होता. आता तो वाळलेल्या तुरीच्या पाल्यासारखा झाला आहे. माझा उजवा खिसा फाटलेला आहे आणि तिथे मूठ जाईल एवढं भोक आहे. शेजारच्या पाटीवर लिहिलं आहे की हे भोक शत्रूच्या तोफगोळ्याच्या तुकड्यानं पडलं. तुमच्यापैकी कोणी ती पाटी वाचली असेल, माझ्यासमोर उभं राहून फोटोही काढला असेल. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. फक्त माझी गोष्ट ऐका, कारण ती तशी नाही.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात मला शिवलं. माझ्यासारखे शेकडो कोट एकावर एक रचून ठेवलेले असत. कोणाच्या अंगावर जायचं, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नसे. गठ्ठ्यात बांधून आम्हाला रेल्वेनं, मग ट्रकनं डोंगरात नेलं. तिथे एका छावणीत भांडारातल्या हवालदारानं मला एका सडपातळ जवानाच्या हातात दिलं. मी त्याला खांद्यात सैल होत होतो. तो हसून म्हणाला, "चालते. आतून स्वेटर घालता येईन."

त्याचं नाव सहदेव. तो आपल्याच जिल्ह्यातला, लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचा. तो बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभा राहणारा शिपाई नव्हता. जिथे गाडी जात नाही, अशा चौक्यांवर खेचरांच्या पाठीवरून सामान पोचवणाऱ्या तुकडीत तो होता. रॉकेल, पीठ, डाळ, दारूगोळा, घरून आलेली पत्रं, सगळं खेचरांवरून वर जाई. सहदेवकडे एक तांबूस खेचर होतं. लष्कराच्या लेखी त्याला फक्त नंबर होता. सहदेव तिला मैना म्हणायचा.

खेचराला गूळ आवडतो. सहदेव माझ्या उजव्या खिशात गुळाचे खडे ठेवी. चढ संपला की तो एक खडा काढून तळहातावर धरी. मैना तो उचलून घेई आणि मग त्याचा रिकामा तळहात चाटत राही. माझं अस्तर गुळानं चिकट झालं होतं. बाकीचे जवान त्याची थट्टा करत. तो म्हणे, "तिले थंडी वाजते, भूक लागते, भेव लागते. फक्त सांगता येत नाही."

मग एका उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली. तुमच्याकडे तेव्हा आंब्याचे दिवस होते; तिथे उंचावर बर्फ होतं. रोज सामान वर न्यायचं आणि खाली येताना जखमी जवान आणायचे. ज्याला बसता येई त्याला मैनेच्या पाठीवर बसवायचं. एका पोरसवदा जवानाला हुडहुडी भरली, तेव्हा सहदेवनं मला काढून त्याच्या अंगावर घातलं आणि स्वतः नुसत्या स्वेटरवर पायथ्यापर्यंत चालत आला. त्या जवानाचं रक्त माझ्या बाहीला लागलं होतं. सहदेवनं ते झऱ्यावर धुतलं, तरी बाहीवर थोडा काळपटपणा राहिलाच.

एका संध्याकाळी आम्ही दारूगोळा घेऊन वर निघालो होतो. अर्ध्या वाटेत गोळे पडायला लागले. पुढची खेचरं थांबली. सहदेव मैनेला घेऊन एका कातळाच्या आडोशाला बसला. मैना थरथर कापत होती. दोर तोडून ती पळाली असती, तर पाठीवरच्या ओझ्यासकट दरीत गेली असती. सहदेवनं एका हातानं तिची मान धरली आणि दुसऱ्या हातानं गूळ दिला. एक खडा, मग दुसरा. गूळ संपला. मैनेनं माझ्या खिशातच तोंड खुपसलं. तिला आत नुसता वास लागला. तिनं खिसा दातात धरून ओढला आणि माझं कापड टरकन फाटलं. आजूबाजूला डोंगर हादरत होता, आणि हा माणूस चक्क हसला. "खा बाई," तो म्हणाला, "खिसाच खाऊन टाक. पण इथंच थांब."

मैना थांबली. गोळे थांबल्यावर दोघं वर गेले आणि चौकीवर सामान पोचलं.

ती लढाई संपण्याआधीच मैना गेली. उतरणीवर तिचा पाय घसरला आणि ती खाली गेली. त्या वेळी तिच्या पाठीवर कोणी नव्हतं, एवढंच बरं. सहदेव दोर हातात धरून कडेवर बसून राहिला. वरिष्ठांनी हाक मारली तेव्हा उठला. त्यानंतर दुसरं खेचर मिळालं, पण त्याला त्यानं नाव दिलं नाही.

निवृत्तीच्या वेळी फाटका म्हणून भांडारानं मला परत घेतलं नाही. सहदेवनं मला मागून घेतलं आणि मी सुलतानपूरला आलो. त्याच्या बायकोनं, चांगुणानं, मला उन्हात झटकलं आणि सुईदोरा घेऊन बसली. सहदेव म्हणाला, "नको शिवू. ते मैनेचं आहे." मग त्यानं तिला सगळं सांगितलं. चांगुणानं सुई परत डब्यात ठेवली. पुढे मी कितीदा तरी धुतला गेलो, पण त्या भोकाला तिनं कधी टाका घातला नाही.

त्यांचा मुलगा रवी तेव्हा शाळेत होता. एक दिवस तो रागानंच घरी आला. दप्तर टाकून त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही लढाईत किती दुश्मन मारले?"

"कोणालेच नाही," सहदेव म्हणाला. "म्या सामान वर नेलं अन् माणसं खाली आणली."

"पोरं मले म्हणतात, तुहा बाप फौजी नोहे, खेचरवाला आहे बे."

"बरोबरच म्हणतात. खेचरवालाच होतो."

 त्या वेळी रवीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरलो नाही. मी त्याच्या बापाचा कोट होतो आणि त्याला माझी लाज वाटत होती.

ती वर्षं मात्र माझी सुखाची होती. हिवाळ्यात सहदेव मला घालून हरभऱ्याच्या शेतात रात्रीच्या जागलीला जाई, पिकात शिरणारी रोही, म्हणजे नीलगाई, हाकी. पुढे त्याला दम्यानं घेरलं, तेव्हा मी खाटेवर त्याच्या छातीवर असे. तो गेला त्या दिवशी चांगुणानं मला कोणाला हात लावू दिला नाही. नंतर ती मला पांघरून निजू लागली.

आता भगवंतरावांबद्दल सांगतो. पंप-पाइपचं दुकान त्यांचंच. तरुणपणी ते भरतीला गेले होते. छाती कमी भरली म्हणून परत आले. ते दुःख त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. दुकान चालू लागल्यावर त्यांनी लष्करी वस्तू जमवायला सुरुवात केली. लोखंडी टोप, पाण्याच्या बाटल्या, रिकामी काडतुसं, भंगारात विकली गेलेली पदकं. कुठे माजी सैनिकाचं घर आहे असं कळलं की ते मोटारसायकल काढत. दुकानामागच्या खोलीत त्यांनी संग्रहालय मांडलं. तिकीट नव्हतं. शाळांच्या सहली आल्या की त्यांच्या पत्नी पुष्पाबाई मुलांना सरबत देत. माणूस मनाचा चांगला होता, हे मी आजही सांगतो.

ते आमच्या घरी आले तेव्हा चांगुणा मला द्यायला तयार नव्हती. रवीनं समजावलं. "आई, घरी त्याले उंदरं कुरतडतील. तिथं काचेत राहीन." मग चांगुणानं भगवंतरावांना समोर बसवून मैनेची सगळी गोष्ट सांगितली. ऐकताना भगवंतरावांनी दोनदा चष्मा काढून पुसला.

"वहिनी, तुम्ही सांगितलं तसंच लिहीन," ते म्हणाले.

आणि खरंच, मित्रांनो, माझी पहिली पाटी तशीच होती. तिच्यावर सहदेवचं नाव होतं आणि मैनेचंही.

पण लोक माझ्यापाशी थांबत नसत. ते काडतुसांपाशी थांबत, टोपाला पडलेल्या खोकेपाशी थांबत. एका सव्वीस जानेवारीला रवी आपल्या मित्रांना घेऊन आला. त्यांच्यातल्या एकानं पाटी मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "अरे, हा तर खेचरानं खाल्लेला कोट." सगळे हसले. रवीही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. मित्र बाहेर गेल्यावर तो मागे राहिला.

"काका, ही पाटी बदला."

"काऊन? तुह्या आईनं सांगितलं तसंच आहे."

"लोक हसतात. लढाई तर खरी होती ना? गोळे पडून राह्यले होते ना? मग एक तुकडा लागला असं लिहिलं तर काय बिघडते?"

भगवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनीले काय सांगशील?" त्यांनी विचारलं.

"आईले वाचता येत नाही," रवी म्हणाला.

नवी पाटी लागली. मग माझे दिवस पालटले. सहलीतली मुलं माझ्याभोवती गर्दी करू लागली. भगवंतराव काठीनं माझं भोक दाखवत आणि गोळा कसा फुटला ते सांगत. दर वेळी गोष्ट थोडी वाढत गेली. कोणी मला हार घातला. गावच्या कार्यक्रमात रवीचा शाल देऊन सत्कार झाला, तोही माझ्यामुळे. एवढं कौतुक मला डोंगरातही मिळालं नव्हतं. पण त्या गोष्टीत मैना नव्हती, आणि ज्या सहदेवबद्दल ते बोलत, त्याला मी ओळखत नव्हतो.

एक दिवस चांगुणा आली. सोबत रवी होता आणि रवीची मुलगी समता, नुकतीच जोडाक्षरं वाचायला लागलेली. चांगुणा काचेजवळ आली. तिनं माझ्या कॉलरपासून खालपर्यंत पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. मग ती नातीला म्हणाली, "वाच बाई, तुह्या आज्याबद्दल काय लिहिलं ते."

रवी पुढे झाला, पण समतानं वाचायला सुरुवात केली होती. अक्षर अक्षर लावत तिनं सगळी पाटी वाचली.

"पुन्हा वाच," चांगुणा म्हणाली.

समतानं पुन्हा वाचलं.

"रवी, हा तुकडा कोठचा रे?"

"आई, लोकायले तसंच समजते."

"अन् मैना?"

रवी खाली पाहू लागला. चांगुणा भगवंतरावांकडे वळली. "भाऊ, माहा कोट मले वापस द्या."

भगवंतरावांनी रवीकडे पाहिलं. रवी म्हणाला, "असं काय करतं आई? इथं मान आहे बाबांले."

"हा मान दुसऱ्याच कोणाचा आहे, रवी," ती म्हणाली. "तुह्या बापानं कधी खोटं सांगितलं नाही. त्यानं सांगितलं असतं तर तुले शाळेत कोणी हसलं नसतं. तरी नाही सांगितलं."

भगवंतरावांनी कपाटाची किल्ली काढली नाही. पुष्पाबाईंनी चहा आणला, तो चांगुणानं घेतला नाही. तिनं काचेवर हात ठेवला. मला वाटलं, आता काच उघडेल. पण ती समताचं बोट धरून बाहेर गेली आणि मी तिथेच राहिलो. त्याच हिवाळ्यात ती वारली. पुष्पाबाई कोणाला तरी सांगत होत्या, ते मी ऐकलं. थंडी तिला फार बाधली म्हणे. मी तिच्यापासून बसनं जाण्याएवढ्या अंतरावर होतो आणि माझ्यात कोणीच नव्हतं.

मित्रांनो, यानंतरची गोष्ट या वर्षीची. भगवंतरावांना अर्धांगाचा झटका आला. आता ते संग्रहालयाच्या दाराशी खुर्चीत बसतात. एका सकाळी रवी आला. केस पिकायला लागले होते. त्यानं सोबत समतालाही आणलं होतं. तो भगवंतरावांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"काका, पाटी बदलायची आहे. पहिली होती तशी करायची. आई गेल्यापासून मले चैन नाही."

"कोणती पाटी?"

"कोटाची. ते भोक खेचरानं पाडलं होतं ना."

भगवंतराव हसले. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, तरी हसू प्रेमळ होतं. "तुले कोणी सांगितलं बाबू? तू तेव्हा लहान होता. तुह्या बापाले बॉम्बचा तुकडा लागला होता. मले माहीत आहे ना. म्या कितीक लोकायले सांगितलं."

"काका, मीच तुम्हाले..." रवी थांबला. त्यानं पुष्पाबाईंकडे पाहिलं.

"ते आता ऐकत नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरं सांगितलं की रडतात. ते आहेत तोवर राहू द्या पाटी."

रवी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. समता आता मोठी झाली होती. तिनं एका दमात पाटी वाचली. आजीनं ती दोनदा का वाचायला लावली होती, हे तिला आठवत नव्हतं. रवीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. पण चौकीचं नाव त्याला आठवेना. त्या जखमी जवानाचं काय झालं, ते त्यानं कधी विचारलंच नव्हतं. मैनेचा रंग कोणता होता, असं समतानं विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "आईले माहीत होतं."

तांबूस, मित्रांनो. ती तांबूस होती. मी काचेतून ओरडून सांगितलं असतं, पण मला आवाज नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून एक विनंती आहे. तुमच्याही घरात कोणाचा तरी जुना कोट, टोपी, पेटी असेल. तिला वाळवी लागू देऊ नका, हे तर खरंच. पण ती जपून ठेवणारं माणूस आज घरात आहे. त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला विचारा, आणि तो जे सांगेल ते साधं असलं, हसू येण्यासारखं असलं, तरी तसंच्या तसं लक्षात ठेवा.