हिरव्या धाग्याचे पाच मग

"ही गाठ माझी न्हाय," म्हणत चांगुणानं मग काउंटरवरून परत सरकवला.

"गाठीचं काय घिऊन बसलीस? धागा हिरवा हाय की. आज हिरवाच हाय न्हवं?"

समोरच्या माणसाच्या भुवयांवरून अजून तलावातलं पाणी निथळत होतं. त्याचं नाव विरेश. पाठीमागचे चौघे दोस्त मघापासून त्याच नावानं त्याला चढवत होते. त्यानं चांगले पाच मग पुढ्यात मांडले होते आणि काखेत पाच लिटरचा रिकामा कॅन धरला होता.

मंद्रूप रस्त्यावरच्या त्या वॉटर पार्कचा नियम अगदी सोपा. मग विकत घ्या, त्या दिवशी हवं तितक्यांदा सरबत भरून न्या. एक मग, एक माणूस. रोज धाग्याचा रंग नवा, आणि तो मगाच्या कानाला बांधायचं काम चांगुणाचं. पण लोकही एकेक नग असतात. जुना मग घरी नेतील, पुढच्या खेपेला पिशवीतून आणतील, दुसऱ्याच्या मगावरचा रंग हेरून गाडीत बसल्या बसल्या तसलाच धागा बांधतील. रंग जुळायचा हो, गाठ कुठून जुळणार? चांगुणानं अठरा वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माग चालवला होता. धागा तुटला की तो असा जोडायचा, की टॉवेलावरून हात फिरवला तरी गाठ लागू नये. कारखाना बंद पडला, पण बोटं थोडीच बंद पडतात. तीच गाठ ती मगाला मारायची.

तिनं रांगेतल्या एका बाईचा मग घेऊन त्याच्या मगाशेजारी ठेवला. "ही माझी. तिळाएवढी. आन ही तुमची, सशाचे कान."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. विरेशचे दोस्तही हसले. तेवढं हसणं नडलं.

"मला चोर म्हणतीस व्हय गं?"

"चोर कोण म्हणलं? नवा मग घ्या आन पोट फुटस्तोवर प्या, म्हणती मी."

त्यानं काउंटरवरून वाकून सरबताच्या मशीनचा नळ सोडला आणि खाली कॅन धरला. चांगुणानं नळ बंद केला. त्यानं सोडला. तिनं पुन्हा बंद केला, आणि या खेपेला मूठ नळावरच आवळून ठेवली.

मग जाड प्लॅस्टिकचा होता. विरेशनं तोच उचलून हाणला. पहिला फटका तिच्या कपाळावर बसला, दुसऱ्यानं ओठ फाटला. तिनं मूठ सोडली नाही. तेव्हा तो तिची बोटं एकेक करून उचकटायला लागला. दोन सुटली. तिसरं वाळक्या शेंगेसारखं वाजलं. शेजारी बर्फ उपसायचा स्टीलचा डाव पडला होता. चांगुणानं तो डाव्या हातानं उचलून त्याच्या मनगटावर असा हाणला, की विरेश, त्याचा कॅन आणि पाचही मग सरबताच्या थारोळ्यात लोळले.

मग दोस्त आले. एकानं अंबाडा धरून तिला काउंटरबाहेर ओढलं, दुसऱ्यानं बरगडीत लाथ घातली. तलावावरचा रखवालदार सिद्धू गळ्यातली शिट्टी फुंकत मधे पडला, तर त्याच्या नाकाचा घोळणा फुटला. फरशीवर लिंबू सरबत आणि रक्त यांचा एकच ओहोळ झाला.

सगळं आवरल्यावर मॅनेजर शिवशरण आले.

"ताई, सॉरी म्हणून टाका. वाढदिवसाची पार्टी हाय, मोठी मान्सं हायेत. तुमीबी हाणलंयच की."

"हाणलं."

"मग झालं तर. एक सॉरी म्हणा, न्हायतर उद्यापासनं मला तुमाला हितं ठेवता यायचं न्हाय."

"सायेब, आदी गाठ तर बगा."

"गाठीला काय चाटायचंय? रंग बरोबर हाय, भरून द्यायचं."

त्यांनी मगाकडे पाहिलंसुद्धा नाही. चांगुणाला बरगडीतल्या लाथेपेक्षा ते जास्त लागलं. तिनं डाव्या हातानं पाचही मग गोळा केले, पदरात बांधले आणि अनवाणीच फाटकाबाहेर चालू लागली. धुमश्चक्रीत चपला कुठं गेल्या होत्या कोण जाणे. सिद्धू नाकाला रुमाल लावून मोटारसायकल घेऊन मागं आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाला पट्टी बांधली. "पूर्वीसारखं वाकेल असं काही सांगता येत नाही," ते म्हणाले. चांगुणानं मान डोलावली.

चौकीत हवालदार वीरभद्रप्पांनी तिची तक्रार लिहून घेतली. पाचही मग टेबलावर ओळीनं उभे होते. शेवटी त्यांनी शाईचा डबा पुढं सरकवला.

"उजवा हात असा झालाय. डाव्या हाताचा अंगठा द्या, चालतंय."

"मला सही येती."

"अवो, लिवणार कशानं?"

"डाव्यानं."

तिनं पेन घट्ट मुठीत धरलं. पहिलं अक्षर रेघेखाली घसरलं, दुसरं नुसतंच मोठं झालं. पंख्याच्या वाऱ्यानं कागद फडफडायला लागला, आणि धरून ठेवायला तिच्याकडे दुसरा हात नव्हता. वीरभद्रप्पा उठले. मे महिन्याच्या त्या भर दुपारी त्यांनी पंखा बंद केला आणि तिचं आडनाव पुरं होईपर्यंत बटणापाशी घाम पुसत उभे राहिले.