चार हात लांबून

“ताई, बाळाच्या तोंडाशी धरू नका हां याला. चार हात लांबून काढा,” शहापूरच्या फोटो स्टुडिओतल्या चंदरने मला विकताना बजावलं होतं. सोनाली हसली. “एवढंसं माझं बाळ, लांबून दिसणार तरी काय?” म्हणत तिने मला पिशवीत टाकलं.

मित्रांनो, तोच मी, रोलचा जुना कॅमेरा. आता किन्हवलीच्या एका कपाटात टोपड्या-झबल्यांखाली पडून असतो. मी साधा, स्वस्तातला. जवळचं मला नीट टिपता येत नाही. पण माझ्या खिडकीतून बघणाऱ्याला सगळं स्वच्छच दिसतं, त्यामुळे कुणाचा विश्वास बसत नाही.

सोनालीचं पहिलंच मूल, काजल. ती शिंकली तरी हिचा जीव वरखाली. दर महिन्याला वजन करायचं, आणि सणासुदीला फोटो एखादाच. रोल पुरवायचा ना! काजलला न्हाऊ घालायला वाडीवरून जिवली यायची. फोटोच्या वेळी सोनाली म्हणायची, “जिवलीबाय, जरा मागं सर ना.”

“सरले गो. मी आले तं फोटू काला पडंल!” हसत हसत ती दारात जाऊन उभी राही.

वर्षाने रोल भरला. “शहापूरला धुवायला टाकलाय,” सोनाली म्हणाली.

“धुवाया शापूरला? मला द्यायचास, तुज्या पोरीसंगं धुतला असता!”

फोटो आले आणि सोनालीचं तोंडच उतरलं. सगळीकडे काजल धुक्यात हरवल्यासारखी पुसट. मागची जिवली मात्र लख्ख. सोनालीचा नवरा मनोज म्हणाला, “हा काजलचा आल्बम, का जिवलीचा?”

सोनाली हसली नाही. तिने फोटो ओळीने मांडले. बारशाला जिवलीच्या चोळीची बाही दंडात रुतलेली. उष्टावणाला तीच बाही ढिली. वाढदिवसाला जिवली चौकटीला टेकलेली, तोंडाशी पदर, गळ्याची हाडं वर आलेली. लेक जराशी उतरली तरी कासावीस होणाऱ्या आईला डोळ्यांदेखत झिजलेली बाई दिसली नव्हती.

ती तडक वाडीवर गेली. जिवली पडूनच होती. “रोल धुतला का गो?”

“धुतला. त्यात तूच निघालीस. चल, दवाखान्यात.”

“मला काय झालाय? खोकला हाय जरासा.”

“चल म्हटलं ना!”

क्षय निघाला. कित्येक महिने गोळ्या चालल्या. जिवली वाचली, पण न्हाऊ घालायचं काम सुटलं. आधी सोनाली रोज डबा पाठवायची, मग अधूनमधून, मग राहूनच गेलं.

पुढे घरात मोबाइल आला. आता काजलच हात लांब करून स्वतःचे फोटो काढते. रोलची काटकसर नाही. फोटोभर चेहरा, मागे कुणाला उभं राहायला जागाच नाही.

मी थकलोय, मित्रांनो. बटण अडकलंय, सेल गळून पोट गंजलंय. मला दुरुस्त करा, असा हट्ट नाही. पण या घरात जिवलीचं नाव फार दिवसांत ऐकलं नाही. वाडीच्या वाटेने कुणी जाणार असाल, तर तिच्या दारात डोकावा. चार हात लांबून नको, अगदी जवळ जा. तिची बाही दंडावर नीट बसते का, तेवढं बघून या.